डाळिंबाची गुटी

आई : पुढे घे. अजून पुढे. फाटक उघडल्याबरोबर डोळ्यांत खुपलं पाहिजे.

मामा : ताई, हे मेलंय गं.

आई : म्हणूनच पुढे ठेवायचं. हिरवीगार झाडं बघून कुणाच्या काळजाला पाझर फुटतो का?

मामा : पण हे आत्ताचं मेलेलं नाही, गेल्या वर्षीचं आहे. खोडाशी कोळ्यानं संसार थाटलाय, त्याची नातवंडं खेळतायत.

आई : जळमटं काढ आणि तोंड मिट. तो वाळका गुलाब घे त्याच्या शेजारी. आणि ती कुंडी... नको, ती नको. तिला कोंब आलाय मेलीला. आजच सुचलं तिला!

मामा : आणि ही सगळी टवटवीत मंडळी?

आई : शेडच्या मागे न्यायची. वरून ताडपत्री ओढायची. एक पान जरी दिसलं ना, तर बघ.

मामा : कमाल आहे बाई तुझी. सगळीकडे सांगत सुटलीस, लेक निघून गेली आणि मी नर्सरीचं पाणी तोडलं. फाटकाला कुलूप ठोकलंस. बागखात्याचे साहेब रोपांसाठी हेलपाटे घालून दमले, शाळेच्या बाई कुंपणावरून हाका मारून गेल्या. अख्ख्या गावात यंदा कुणाच्या दारात नवं रोप लागलं नाही. आणि तू मात्र रोज उजाडायच्या आत पाइप धरून उभी!

आई : मग काय करू? झाडांनी माझं काय घोडं मारलंय? माझा संप माणसांशी आहे. पोरगी परत येत नाही तोवर ह्या फाटकातून हिरवं पान बाहेर पडायचं नाही. बोलले ते बोलले.

मामा : बरं बाई. आणि त्या डाळिंबाच्या फांद्यांना शेवाळाची गाठोडी लटकतायत, त्यांच्यावर पण ताडपत्री...

आई : त्या गुट्यांना हात लावायचा नाही!

मामा : ओरडतेस कशाला? नुसतं विचारलं.

आई : तिकडे जायचंच नाही. रिकामी पोती रच वाटेत. पोरगी आली की तिकडे वळता कामा नये.

मामा : मेलेली झाडं दाखवायची, जिवंत लपवायची आणि डाळिंबाकडे वाटच बंद. माझ्या डोक्यावरून जातंय सगळं.

आई : टेम्पो हाकणाऱ्यानं टेम्पो हाकावा. फोनवर तरी नीट सांगितलंस ना?

मामा : तू पढवलंस तसंच. आई अंथरुणाला खिळलीय, झाडांचा पार कोळसा झालाय, एकदा येऊन तोंड बघून जा.

आई : बघून जा? 'जा' कशाला म्हणालास? येण्याआधीच जायची आठवण करून दिलीस होय रे?

मामा : बोलायची पद्धत असते ती. आणि ताई, राग मानू नकोस, पण ती तिकडे सुखात असली तर?

आई : सुखात? तळघरात? ना उन्हाची तिरीप, ना वारा. माझी पोर मी उन्हात वाढवलीय. आणि तो बाबा पिकवतो काय, तर कुत्र्याच्या छत्र्या!

मामा : मशरूम म्हणतात त्याला. हॉटेलवाले हातोहात नेतात.

आई : नेऊ देत. काळोखात उगवतं ते माझ्या लेखी भूत. पाताळात राहतो, भुतं पिकवतो आणि दुसऱ्याच्या मुली पळवतो. लिहून घे माझ्याकडून, तिथे पोरीनं अन्नाला हात लावला नसेल.

मामा : अगं, पावसाळा सरला. इतके दिवस उपाशी कोण राहील?

आई : आपल्या घरच्या बायकांचं तुला काय नवीन आहे? जिथे मन नाही तिथे घास घशाखाली उतरत नाही. वसतिगृहात ठेवली होती तेव्हा?

मामा : आठवतंय की. मीच गेलो होतो आणायला. नुसती काडी झाली होती. टेम्पोत बसल्या बसल्या माझा डबा चाटूनपुसून साफ केला.

आई : आणि मी लग्न होऊन आले तेव्हा?

मामा : तेव्हा तू केळ्यांवर दिवस काढलेस. भावजींनी तुला बागेत नेऊन गुटी बांधायला शिकवलं, त्या दिवशी कुठे पहिल्यांदा जेवलीस.

आई : झालं तर मग. भुकेली येणार ती. डाळिंब सोलून ठेवलंय वाटीभर. एकदा खायला बसली की उठायची नाही. फाटकाला कुलूप नुसतं अडकवून ठेवलंय. आता गाडी बाहेर दिसली की... आली वाटतं! चादर दे. चादर दे रे!

(फाटकाची कडी वाजते. आई घाईघाईनं खाटेवर आडवी होते.)

लेक : आई! आई गं, काय झालं?

आई : कोण... कोण आलंय?

मामा : चिमणी आलीय, ताई. तुझी चिमणी.

आई : आता कशाला आली... सगळं वाळल्यावर...

लेक : बघू. अंग तर गार आहे.

मामा : ताप आतून आहे.

लेक : असेल, फारच आतून असेल. आई, चादरीबाहेर पाय काढ बरं. हा चिखल कसला? ओला आहे.

आई : रडले असेन.

लेक : पायांवर?

मामा : उंची कमी आहे ना तिची. ओघळले असतील.

लेक : आणि तो पाइप टपकतोय, त्यालाही रडू येतंय का? मामा, हा मोगरा गेल्या वर्षी मीच फेकायला काढला होता. कुंडीचा काठ माझ्याच हातून फुटला, हा बघ. त्याला पुन्हा कुणी मांडला इथे?

मामा : मी तुझ्या आईला म्हटलं होतं.

आई : फितूर! घरभेदी!

लेक : उठलीस? बरं वाटतंय? मग ताडपत्रीखालून ती जास्वंद बाहेर डोकावतेय, तिलाही उठवू का?

आई : मामाला साधी ताडपत्री ओढता येत नाही. एक काम धड नाही ह्याचं. आणि तू दात काय काढतेस? झाडं वाळली नसली म्हणून आई वाळली नाही का?

लेक : मला ठाऊक होतं झाडं बरी आहेत ते.

आई : ह्यानं सांगितलं?

लेक : तूच. मी पहाटे फोन करते, तू उचलतेस, कानाला लावून ऐकत राहतेस आणि एक अक्षर बोलत नाहीस. मागे पाण्याचा आवाज येत असतो. मोठ्या कुंड्यांवर वेगळा येतो, वाफ्यावर वेगळा. तू कुठवर पोचलीस तेसुद्धा कळायचं मला.

आई : ठाऊक होतं तर आलीस कशाला?

लेक : आठवण आली म्हणून. मामाच्या फोनमुळे नाही, रोज येते.

मामा : घ्या. संपलं नाटक. मी चहा टाकतो.

आई : बस खाली. काही संपलेलं नाही. मला सांग चिमणे, मी काय कमी केलं होतं तुला, म्हणून न सांगता उठून गेलीस? त्या पाताळवाल्यानं काय जादू केली?

लेक : पाताळवाल्याकडे मला धाडलं कुणी, ते आठव आधी.

आई : कुणी?

लेक : तू. तो इथे आला होता, हातात टोपी चुरगाळत उभा राहिला. म्हणाला, माझ्याकडे अजिबात ऊन नाही, पण दिवसभर पांढरं बघून कंटाळा येतो, एखादं हिरवं झाड द्याल का? तू खो खो हसलीस. म्हणालीस, दगड ने आणि हिरवा रंग मार त्याला.

आई : बरोबर सांगितलं मी.

लेक : मग त्याचा चेहरा पडला, तेव्हा तुझी तुलाच लाज वाटली. मला म्हणालीस, जा गं, ह्याच्या तळघरात किती उजेड आहे बघून ये, एखादं चिवट झाड जगलं तर जगेल.

आई : झाड बघायला पाठवली होती. नवरा नव्हे!

लेक : मी झाडच बघत होते बराच वेळ.

मामा : हा हा!

आई : हसू नकोस, तुझ्याकडे येतेय मी नंतर. बरं, गेलीस. लग्नसुद्धा उरकलंत, नोंदणी कचेरीत, चोरासारखं. साक्षीला कोण होतं? कुणाची तरी सही लागते ना? कुणाच्या हाताला लकवा मारायचा राहिलाय?

मामा : चहात साखर किती घालू?

लेक : मामाला विचार.

आई : त्याला काय विचारायचं, त्याला... अरे? तू?

मामा : ताई, तिनं गळ घातली. म्हणाली, घरचं कुणीच नसेल तर बरं दिसत नाही.

आई : आणि सामान?

मामा : टेम्पो रिकामाच जात होता तिकडून.

आई : माझ्याच भावानं माझी पोर पोचवली! आणि रात्रंदिवस इथे येऊन माझ्यासमोर हळहळत बसायचा. 'ताई, कशी गं गेली ती!' टेम्पोनं गेली, मेल्या!

मामा : मी हळहळत होतो ते खरंच होतं. तुझ्याकडे बघून वाईट वाटायचं, तिच्याकडे बघून बरं वाटायचं. एका माणसानं किती ठिकाणी वाटून घ्यावं?

लेक : आई, मामावर काढू नकोस. तुला सांगायला मी दोनदा तोंड उघडलं होतं. दोन्ही वेळा तू म्हणालीस, त्या छत्रीवाल्याचं नाव काढशील तर बघ.

आई : तिसऱ्यांदा उघडायचं होतंस. बरं, मरू दे ते सगळं. ही वाटी घे. सोलून ठेवलंय तुझ्यासाठी. किती वाळलीयस, गालफडं बसलीत.

लेक : कुठे बसलीत? नवीन कपडे शिवायला टाकलेत, जुने घट्ट होतात.

आई : खा म्हणते ना.

लेक : पोट भरलंय गं. जेवून निघालेय.

आई : जेवून? कुठून?

लेक : घरून.

मामा : चहा उकळला.

आई : तू तिथे जेवतेस?

लेक : हो.

आई : त्याच्या हातचं?

लेक : पहिल्या दिवशी डाळिंबाचे चार दाणे घेतले फक्त.

आई : चार दाण्यांनी काही होत नाही. चार दाणे म्हणजे जेवण नव्हे.

लेक : बरं, अर्धं डाळिंब.

आई : अर्धं?

लेक : अख्खं. आणि मग त्यानं मशरूम परतले, लोण्यात, मिरी घालून. पावाबरोबर. पुन्हा मागून घेतले.

आई : आणि उतरले घशाखाली?

लेक : मलाच नवल वाटलं. खाता खाता थांबले मी. म्हटलं, अरे, हे तर सरळ जातंय! मग जरा रडले. त्याला वाटलं तिखट झालं.

मामा : गरीब आहे गं तो, ताई. पाणी घेऊन धावला असेल.

आई : तू होतास तिथे?

मामा : नव्हतो. पण डाळिंबं मीच विकली होती त्याला. ह्याच झाडाची.

आई : माझ्याच झाडाचं डाळिंब घालून माझी पोर अडकवली!

लेक : अडकवली नाही. आई... ए आई. खरं रडतेयस की मघाचंच चाललंय?

आई : मलाच कळेनासं झालंय आता.

लेक : थांब, तोंड धुवायला पाणी आणते. आणि ही पोती इथे कुणी रचली? वाटेत?

आई : तिकडून जाऊ नकोस! चिमणे, ऐक, नळ ह्या बाजूला आहे!

लेक : ह्या बाजूलाही आहे, डाळिंबापाशी. काहीतरी लपवतेयस तू... अगं आई.

आई : बघू नकोस म्हटलं होतं.

लेक : गुट्या तशाच आहेत सगळ्या. मी जायच्या आधी आपण बांधल्या, त्या. एकही कापली नाहीस?

मामा : वाईट झालं का? मला काही कळत नाही त्यातलं. माझ्या मते फांदी झाडावर राहिली तर आनंदच की तिला.

लेक : मामा, गुटी म्हणजे काय? जित्या फांदीची साल गोल काढायची आणि तिथे ओलं शेवाळ प्लॅस्टिकनं बांधायचं. फांदी झाडावरच असते, झाडच तिला पोसतं, आणि त्या शेवाळात तिला स्वतःची मुळं फुटतात. मुळं दिसायला लागली की खालून कापून कुंडीत लावायची. वेळेवर नाही कापली तर मुळं त्याच गाठोड्यात कोंबली जातात. हे बघ, पांढरी होती ती तपकिरी पडली. ही तर वाळली. आई, बाकी सगळं जपलंस आणि ह्या कशा विसरलीस?

आई : विसरले नाही. रोज येऊन बघत होते. रोज कात्री घेऊन येत होते.

लेक : मग?

आई : मी कधी कापलीय? आठव. बांधते मी. आधी तुझे बाबा कापायचे, मग तू. गावभर नाव, ह्या बाईच्या हातची गुटी कधी फुकट जात नाही. अगं, कापायला मी हातच लावलेला नाही. फांदीला कात्री टेकवते आणि परत पदराला बांधते. कशी जगेल, आणखी आठ दिवस राहू दे, असंच वाटत राहतं. असं करता करता ह्यांना मीच मारलं. ती पुढची मेलेली झाडं तुला दाखवायला होती. ही नव्हती.

मामा : ताई...

आई : तू चहा बघ.

लेक : सगळ्या नाही गेल्या. ही बरी आहे. हिची टोकं अजून पांढरी आहेत. ही पण. थांब, कात्री कुठेय?

आई : माझ्या पदराला. दिवसभर तिथेच असते.

लेक : आई, मी एक गोष्ट सांगायला आले होते, तू आजारी पडायच्या गडबडीत राहून गेली. ऊन तापायला लागलं की तळघर भट्टीसारखं होतं. मशरूम टिकत नाहीत. पिशव्या धुवायच्या, चुना मारायचा, कुलूप लावायचं. उन्हाळाभर काम नसतं तिथे.

आई : मग?

लेक : मग तेव्हा मी इथे. उन्हाळा आणि पाठोपाठ पावसाळा. गुट्या बांधायच्या, कापायच्या, विकायच्या. थंडी पडली की तिकडे. यंदाचा पावसाळा तुझ्या कुलपात गेला, पण हे मी जायच्या आधीच ठरवलं होतं.

आई : आधीच? आणि मला आत्ता सांगतेस?

लेक : तू फोनवर बोलत नव्हतीस. नुसतं पाणी ऐकवत होतीस.

आई : म्हणजे एवढा संप मी...

मामा : फुकट केलास.

आई : फुकट कसा? त्यामुळेच आली ती. आणि थंडीभर मी काय करायचं गं? वाळत बसायचं?

लेक : थंडीत झाडं तशीही झोपतात. तूही जरा झोप. आणि खोटी आजारी पडून मला बोलावू नकोस. हाक मारलीस तरी येईन.

आई : थोडी आजारी पडले तर चालेल?

लेक : थोडी चालेल. हं, ही घे कात्री.

आई : मला कशाला देतेस? काप की तू.

लेक : बाकीच्या मी कापते. ही तू. मी फांदी धरते. इथे, गाठीच्या जरा खाली.

आई : कात्री बोथट झालीय बघ.

लेक : बोथट कशी होईल? नुसती पदरालाच तर होती.

आई : आणखी आठ दिवस...

लेक : आई.

आई : हं. बघू नका रे माझ्याकडे कुणी... झालं?

लेक : झालं.

मामा : एवढंच? मला वाटलं काहीतरी मोठं असेल.

आई : तुला एवढंच वाटणार. आण इकडे ती, प्लॅस्टिक हळू सोड. मुळं तोडशील. ह्या मोठ्या कुंडीत बसेल. ही तू घेऊन जा.

लेक : तिकडे? तिथे ऊन नाही, आई. तूच म्हणतेस.

आई : कापलेल्या गुटीला सुरुवातीला सावलीच लागते. एवढं शिकवलेलं विसरलीस? लगेच उन्हात ठेवली तर करपते. पायऱ्यांपाशी थोडा तरी उजेड येत असेल ना?

लेक : दुपारचा पट्टा येतो, पायऱ्यांवर.

आई : मग तिथे ठेव. उन्हाळ्यात येशील तेव्हा सोबत आण, इथे उन्हात लावू. नाहीतर नको, तुझ्यावर भरवसा नाही, पाणी जास्त घालतेस. मलाच येऊन जागा बघायला हवी. मामा, टेम्पोत पुढे जागा आहे?

मामा : दोघींना बसेल एवढी आहे. मी कुठे बसू?

आई : चालवणार कोण मग? तू स्टिअरिंगपाशी बस आणि गप्प बस. आणि फाटकाचं कुलूप काढ. शाळेच्या बाईंना वाटेत सांग, उद्यापासून या म्हणावं.

लेक : आई, खरंच येतेस? जिना उतरावा लागतो. काळोख असतो. बुरशीचा वास येतो.

आई : पाताळात जायचं म्हणजे येणारच. पदर लावीन नाकाला. ही वाटी घे, वाटेत खा. आणि काय गं...

लेक : काय?

आई : त्या छत्र्या परततो म्हणालीस ना तो, त्याला फोन करून सांग. मीठ बेतानं घाल म्हणावं.